गेलेले प्यादे

माझी नात नऊ वर्षांची आहे आणि सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आत ती मला हरवते. २०२५ च्या जुलैत आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून धंतोलीतल्या आमच्या दिवाणखान्यातले टेबल माझे राहिलेले नाही. त्यावर पट मांडलेला असतो.

मी वडिलांकडून देशी खेळ शिकलो. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. सैन्ये भिडेपर्यंत पान जमवून खायला सवड मिळे. नातीच्या डावात ती सवड नाही. चौथ्याच खेळीला तिचा घोडा माझ्या अंगावर येतो, तिरक्या रेषेत उंट दबा धरून असतो, आणि दोघांचा डोळा एकाच प्याद्यावर, माझ्या राजाच्या उंटापुढच्या. त्याला राजावाचून दुसरा राखणदार नाही! जर्मन उस्ताद टाराश याने घोड्याच्या या खेळीला नवशिक्याची म्हणून हिणवले होते. तरी ती आजही भल्याभल्यांना घाम फोडते. मग माझी काय कथा?

वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारून उंटाची वाट अडवावी, एवढे मला कळे. ती ते प्यादे मारी. लगेच मी घोड्याने तिचे मारी. हिशेब चुकता! आणि तेथेच घात होई. तिचा घोडा त्या दुबळ्या प्याद्यावर झेप घेऊन मरण पत्करी, त्याला मारायला माझा राजा बाहेर येई, तिचा वजीर शह देई, आणि घोडा वाचवायच्या नादात राजेसाहेब पटाच्या मध्यावर उघडे पडत.

"आजोबा, ते प्यादं जाऊ द्या ना," ती एकदा म्हणाली. "दुसऱ्या घोड्यानं उंटाला हाकला."

जाऊ द्या! एवढे एकच मला आयुष्यात जमले नाही. वडील गेल्यावर दादाने रागाच्या भरात मला एक पत्र लिहिले. महालातल्या जुन्या घराच्या वाटणीविषयी होते ते. त्यात आईच्या आजारपणाबद्दल एक वाक्य होते, आणि ते खोटे होते. मी त्याच रात्री उत्तर लिहिले, तारखांनिशी. उत्तर बिनतोड होते. त्यानंतर अकरा दिवाळ्या आम्ही एकमेकांच्या घरी फराळाला गेलो नाही.

तुम्ही विचाराल, मग काय खोटे निमूट ऐकून घ्यावे? तसे मी म्हणत नाही. नातीने सुचवलेली खेळी निमूट बसण्याची नाहीच. माझा घोडा पटाच्या कडेला जातो आणि तिच्या उंटावर चालून जातो. उंट एक शह देतो, आणखी एका प्याद्याची अदलाबदल होते, पण शेवटी त्याला माघार घ्यावी लागते. मग कडेचे प्यादे एक घर पुढे केले की घोडाही परततो. तिच्याकडे एक प्यादे जास्त राहते खरे. पण तिचे दोन्ही उतावळे वीर घरी गेलेले असतात आणि माझे सैन्य मोकळे झालेले असते. पारडे जवळजवळ समान!

राजावर आले असते तर गोष्ट निराळी. तेथे जाऊ देणे म्हणजे डावच सोडणे. म्हणून कोणी अंगावर आले की आधी एवढेच पाहावे: यातला राजा कोणता आणि प्यादे कोणते? त्या पत्रात राजा होता आमचा भाऊपणा. मी प्यादे परत मिळवले. न्याय माझ्या बाजूचा होता, आणि खेळी चुकीची होती.

यंदा धनत्रयोदशीला चकल्यांचा डबा घेऊन मी महालात जाणार आहे. त्या वाक्याचा विषय काढणार नाही. नातीला बरोबर नेईन. दादालाही वडिलांनीच देशी खेळ शिकवला. तिची ती चौथी खेळी त्याला ठाऊक नसणार.