आजचं चिंतन : ‘युक्त’ म्हणजे नेमकं किती?



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातले १६ आणि १७ हे श्लोक. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, झोपेचंही तेच. मग येतो शब्द ‘युक्त’. आपण त्याचा अर्थ ‘मध्यम’ असा लावून मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. मध्यम सगळ्यांना सारखं असतं. युक्त म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथे जुळणारं.

टेक्निकल स्कूबा डायव्हिंगवाले हे अंगावर शिकतात. प्राणवायू म्हणजे जीवन, बरोबर? पण पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून शुद्ध प्राणवायू ६ मीटरखाली घेत नाहीत. त्याहून खोल तोच विष होतो. झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर सुटतो, माणूस बुडतो. उलट १०० मीटरसाठीच्या मिश्रणात प्राणवायू जेमतेम १० टक्के, बाकी बहुतेक हेलियम. तेच वर बोटीवर ओढलं तर शुद्ध हरपेल!

बरं, ही मर्यादा खाली गेल्यावर का नाही ठरवायची? कारण साध्या हवेवर ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते, आणि त्या नशेत बऱ्याचदा सगळं छानच वाटतं. ‘अजून थोडं’ म्हणणारी बुद्धीच तेव्हा भरवशाची नसते. म्हणून हिशेब किनाऱ्यावर होतो आणि प्रत्येक सिलिंडरवर खोलीचा आकडा लिहिला जातो. शुद्ध प्राणवायूवर ६, निम्म्या प्राणवायूच्या मिश्रणावर २१. आकडा चांगला मोठा, कारण तो सोबत्याला वाचता यायला हवा. त्याने वाचून खूण केली की मगच गॅस बदलायचा.

आता आपल्याकडे बघा. साधना सुरू करून आठवडाही नाही, आणि निर्जळी एकादशी, पहाटे तीनचं उठणं, दोन तास जप, सगळं एकदम. उत्साहाचं कौतुकच आहे. पण कुणाचं तरी तीस वर्षांचं साधन पहिल्या दिवशी उचलणं म्हणजे १०० मीटरचा सिलिंडर बोटीवर तोंडाला लावणं. आणि मधुमेहाची औषधं चालू असताना कोरडा उपवास? भगवंतांनी तो कुठेही मागितलेला नाही.

परवा एकादशी असेल तर आजच, पोट भरलेलं असताना, किती झेपेल ते कागदावर लिहा. मग तो कागद आईला दाखवा, औषधं चालू असतील तर डॉक्टरांनाही.