साक्ष कुणाची धरायची?

परभणीच्या रेल्वे स्टेशनबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ संविधानाची प्रतिकृती होती. 10 डिसेंबर 2024 रोजी तिची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. आणि मग पोलीस आंबेडकरी वस्त्यांत शिरले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. चौकाचौकात यांचे पुतळे, जयंतीला रस्ते निळे, नोकऱ्यांत आरक्षण, निवडणुका आल्या की सगळे पक्ष यांच्या दारात. मग ‘आमच्याकडे कुणी पाहत नाही’ ही तक्रार कशासाठी? या युक्तिवादाचा मला संताप येतो. पण तो झटकून टाकता येत नाही, कारण त्यातली निरीक्षणं खरी आहेत. चूक आहे ती निष्कर्षात.

त्या दिवसांत पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. तो वडार समाजाचा, आणि वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत येतो. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यावरून तो निघाला 31 ऑगस्ट 1952 ला. तोवर पोलिसांकडे हजेरी, वहीत नाव, विनापरवाना हलायचं नाही. सरकारने इतक्या बारकाईने फार थोड्या लोकांकडे पाहिलं असेल! त्याच 1952 मध्ये राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी आली, आणि तिचा धागा धरून जर्मन तत्त्वज्ञ अ‍ॅक्सेल होनेथ यांनी मांडलं की माणूस ओळखू येणं वेगळं आणि त्याची दखल घेणं वेगळं. मला हे पटतं, पण पुरत नाही. दखल हार घालूनही घेता येते. एकाच घटनेच्या दोन हकिकती समोर आल्या की खरी कुणाची धरायची, तिथे खरी कसोटी लागते.

परभणीत ती लागली. मुलगा पोलिसांच्या मारहाणीत गेला, असं सोमनाथच्या आईचं म्हणणं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला ‘शॉक’ हे कारण नोंदलं गेलं. तरी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की छळ झालेला नाही, त्याला श्वसनाचा आजार होता आणि मारहाण झाली नाही असं त्याने स्वतःच न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितलं होतं. या तरुणाचं जे एकच वाक्य सरकारने प्रमाण मानलं, ते पोलिसांना निर्दोष ठरवणारं होतं, आणि ते उच्चारलं तेव्हा तो त्यांच्याच ताब्यात होता. आईने सरकारची दहा लाखांची मदत नाकारली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथेही हरलं. शिक्षा दूरच, नुसता गुन्हा नोंदवा, एवढ्या आदेशाला साडेसहा महिने लागले.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईकडे मी इथे वळतो, कारण हा प्रश्न तिच्या आख्यायिकेत जितका उघडा पडतो तितका होनेथ यांच्याकडे पडत नाही. नामदेवांच्या घरची ती दासी. अभंगात सहीसुद्धा धन्याच्या नावासकट करणारी. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, एवढंच आपण कौतुकाने सांगतो. पण पुढची कथा अशी की देवाचं पदक तिच्याकडे सापडलं, चोरीचा आळ आला आणि तिला सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं म्हणून ती वाचली. भाविक यात देवाची कृपा पाहतात. मला त्यात पंढरपूर दिसतं. बडव्यांपासून बाजारापर्यंत सगळे तिला ओळखत होते, तिचं गाणं ऐकत होते. तरी ‘मी चोरी केली नाही’ हे तिचं वाक्य कुणी खरं मानेल, अशी कल्पना कथा रचणाऱ्या भक्तांनाही करता आली नाही. दासीचा शब्द सिद्ध व्हायला चमत्कारच घडावा लागला.

यावर आक्षेप येईल की कोरडवाहू शेतकऱ्याचंही कोण ऐकतं? खरं आहे, त्याची भरपाईही अडकते. पण पीक बुडाल्याचं सांगायला गेल्यावर आपण दंगलखोर नाही हे त्याला आधी सिद्ध करावं लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेवटी न्यायालयाने ऐकलंच ना? ऐकलं, आणि त्यामुळे मला माझं आधीचं म्हणणं थोडं बदलावं लागतं. बारकाईने पाहिलं जाण्याबद्दल मी जे म्हणालो, ते सरकारी नजरेबद्दल होतं; लोकांच्या नजरेत येणं वेगळं. आईच्या शब्दामागे मोर्चे होते, प्रकाश आंबेडकरांसारखा वकील होता, निळा झेंडा होता. पुतळ्याभोवती जमणाऱ्या या गर्दीनेच तिचं म्हणणं खंडपीठापर्यंत नेलं. ज्यांना हे पुतळे डोळ्यांत खुपतात, त्यांनी मे 2023 मधला सोनपेठ तालुक्यातला भाऊचा तांडा आठवावा. तिथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. त्याआधी, जुलै 2021 मध्ये, केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही; गटारांतले आणि टाक्यांतले मृत्यू त्या व्याख्येत धरलेच जात नव्हते. त्या पाच जणांसाठी कुणी महाराष्ट्र बंद पुकारला नाही.