तेरा भागिले पंधरा

‘मेटल ब्रेड्थ ८७%. एंट्री झोन.’ हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांतला असा फोटो हल्ली भंडाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून हिंडत असतो. कधी मेटल, कधी डिफेन्स, कधी फार्मा. खाली सल्ला ठरलेला: या सेक्टरच्या फंडात आज पैसे टाका, ब्रेड्थ ५० च्या खाली उतरली की काढून घ्या. वरठीच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तो फोटो दाखवून मला विचारलं, “टाकू का जी? ८७ म्हणजे डिस्टिंक्शनच झालं नं!”

डिस्टिंक्शन कशात, ते आधी पाहू. निफ्टी मेटल निर्देशांकात शेअर आहेत १५. त्यांपैकी १३ शेअरांचा भाव आपापल्या ५० दिवसांच्या सरासरीच्या वर असला की १३ भागिले १५, म्हणजे ८७ टक्के. उद्या त्यातला एक शेअर त्या रेषेच्या चार आणे खाली बंद झाला की ८०. दोन झाले की ७३. टक्केवारीत लिहिलं की मूठभर आकड्यांनाही भारदस्तपणा येतो. ‘पंधरातले तेरा’ असं लिहिलं असतं तर त्या गृहस्थांनी खिशात हात घातला नसता.

ब्रेड्थ मोजण्याशी माझं भांडण नाही. चढलेले शेअर किती, पडलेले किती, एवढंच मोजणारी ही कल्पना शेअर बाजाराला सुचलेल्या मोजक्या प्रामाणिक कल्पनांपैकी आहे. पण ती जन्मली सरासरीवर शंका घेण्यासाठी, आणि आज विकली जाते खात्री म्हणून.

चार्ल्स डाऊने १८८४ मध्ये काढलेल्या पहिल्या सरासरीत ११ कंपन्या होत्या, त्यातल्या ९ रेल्वेच्या. पुढे त्याच्या नावाने जो सिद्धान्त उभा राहिला त्याचा गाभाच असा की एका सरासरीवर विसंबू नका, उद्योग आणि रेल्वे या दोघींची साक्ष जुळू द्या. लेनर्ड आयर्स त्याच्याही पुढे गेला. हा माणूस मुळात बाजारातला नव्हे. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेतल्या शाळांत मागे पडलेल्या मुलांवर पुस्तक लिहिलं, पहिल्या महायुद्धात सैन्याची आकडेवारी सांभाळली, आणि मग क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीत जेम्स ह्यूजला हाताशी धरून १९२६ च्या सुमारास चढलेल्या-पडलेल्या शेअरांची शिरगणती सुरू केली. वर्गाची सरासरी झकास असूनही बाकावरची अर्धी पोरं मागे असू शकतात, हे ज्याने शाळेत मोजलं त्यालाच हे सुचावं, याला मी योगायोग म्हणणार नाही. डाऊ सरासरी १९२९ मध्ये शिखरावर गेली, पण चढ-उतारांची बेरीज १९२८ मध्येच वळली होती. सरासरी वर आणि बहुसंख्य खाली: मोजणी होती ती ही विसंगती पकडण्यासाठी.

ही मोजणी पुढे नेणाऱ्यांची नावं बाजाराच्या वाचकाला पाठ असतात. रिचर्ड रसेल, ग्रॅनव्हिल, १९६७ चा आर्म्स निर्देशांक, १९६९ मधलं मॅक्लेलन दांपत्य. तीच विसंगती पुढेही दिसली. जानेवारी १९७३ मध्ये डाऊ निर्देशांक नव्या उंचीवर गेला तेव्हा बहुतेक शेअर कधीचेच उतरणीला लागलेले होते. आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये निफ्टीने उच्चांक केला तेव्हा मिडकॅप जानेवारीपासूनच घरंगळत होते. इथवर कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वळणावर. ए. डब्ल्यू. कोहेन याने १९५५ मध्ये न्यूयॉर्क बाजारातल्या किती टक्के शेअरांच्या पॉइंट अँड फिगर तक्त्यावर खरेदीचा संकेत आहे, ते मोजायला सुरुवात केली. शेकडो शेअर, आणि वाचायची रीत सावध: ७० च्या वर गेलं की घेणारे घेऊन बसलेत, जपून राहा; ३० च्या खाली गेलं की विकणारे विकून मोकळे झालेत, जोखीम कमी. म्हणजे कोहेनच्या हिशोबात ८७ हा धोक्याचा बावटा. दुसऱ्या बाजूला मार्टिन झ्वाइग. त्याच्या नियमात चढणाऱ्यांचं दहा दिवसांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खालून दहा दिवसांच्या आत ६१.५ च्या वर उसळावं लागतं. तिथे महत्त्व उसळीच्या वेगाला आहे, पातळीला नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप पंडितांनी कोहेनची पातळी घेतली, झ्वाइगचा उत्साह घेतला आणि दोघांच्याही अटी टाकून दिल्या. ८७ ला पोचलात ते कुठून, किती दिवसांत, हे त्या फोटोत कुठेच नसतं.

पण खरी गफलत त्यानंतरची, आणि ती भल्याभल्यांच्या पुस्तकांतही आहे. फिडेलिटीने १९८१ मध्ये अमेरिकेत सेक्टरचे वेगवेगळे फंड आणले. पुढे त्या फंडांचे भाव दर तासाला मिळू लागले आणि फंडांत उड्या मारणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. कोहेनची टक्केवारी मग एकेका सेक्टरसाठी काढली जाऊ लागली, टॉम डोर्सीने ती घरोघरी पोचवली. या बदलाचं वर्णन सगळे एकाच सुरात करतात: भिंग अधिक जवळ नेलं, आता अधिक बारीक दिसतं. मला हे साफ चुकीचं वाटतं. भिंग तेच राहिलं, पण त्याखालची वस्तू बदलली.

हे समजायला भंडाऱ्याच्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. खरिपाची पैसेवारी आपल्याला माहीत आहे. जिल्ह्यातली किती गावं ५० पैशांच्या आत, हे कळलं की हंगामाची खरी स्थिती कळते, कारण तुमसरचा पाऊस आणि लाखांदूरचा पाऊस वेगळा, पवनीला कालव्याचं पाणी पोचतं ते साकोलीच्या टोकाला पोचतच असं नाही. गावागणिक उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून गावं मोजण्यात अर्थ आहे. आता एकाच मामा तलावाखालची पंधरा बांध्यांची धानशेती घ्या आणि त्यातल्या तेरा बांध्या हिरव्या आहेत म्हणून ‘८७ टक्के पीक उत्तम’ असा अहवाल द्या. तलावात पाणी आहे एवढी एकच बातमी त्यात आहे. ती तेरा वेळा सांगितली म्हणून मोठी होत नाही, आणि तलाव आटेल तेव्हा पंधराही बांध्या एकाच आठवड्यात पिवळ्या पडतील. सेक्टरमध्ये नेमकं हेच असतं.

याचा हिशोबही करता येतो. पंधरा शेअरांमधला सरासरी सहसंबंध उदाहरणादाखल ०.६ धरला, तर त्या पंधरा मतांची किंमत १५ भागिले ९.४ (१ + १४ × ०.६), म्हणजे दीड-पावणेदोन स्वतंत्र मतांइतकी उरते. पूर्ण बाजाराचे २,००० शेअर घेऊन सहसंबंध ०.२ धरला तर आकडा पाचच्या आसपास येतो. म्हणजे मोठ्या बाजाराचीही फार फुशारकी नको, तिथेही दोन हजार पंच बसलेले नसतात. पण पाच जणांचं दुमत होऊ शकतं. दीड माणसाचं कसलं दुमत?

दुसरी अडचण वजनाची, आणि तिच्याकडे तर कुणी बघतच नाही. ब्रेड्थमध्ये प्रत्येक शेअरला एक मत. फंडात मात्र पैसा वजनानुसार. सेबीच्या जानेवारी २०१९ च्या नियमांनुसार सेक्टरच्या ईटीएफ आणि इंडेक्स फंडाच्या निर्देशांकात किमान १० शेअर पुरतात, एकाचा वाटा ३५ टक्क्यांपर्यंत आणि पहिल्या तिघांचा मिळून ६५ टक्क्यांपर्यंत चालतो. आयर्सला मतं आणि वजन यांतली ही तफावतच हवी होती. बडे वर आणि बाकीचे खाली, हीच त्याची बातमी. तुम्ही मात्र मतं मोजून वजनावर पैसा लावता, तेव्हा तीच तफावत तुमच्या खिशातून वसूल होते. अदानी एंटरप्रायझेस ही कंपनी निफ्टी मेटलमध्ये आहे. पोलाद-अ‍ॅल्युमिनियमशी तिचा संबंध काय, असं खाणीतला कुणीही विचारेल, पण वर्गवारीच्या कृपेने ती तिथे आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला तो शेअर एका दिवसात २८ टक्के कोसळला. ब्रेड्थच्या खात्यात त्याची नोंद काय? पंधरातला एक कमी. निर्देशांकाच्या खात्यात तो त्याच्या वजनाइतका दुखला.

आणि तलाव आटल्याचं उदाहरण हवं असेल तर मे २०२२. २१ तारखेच्या शनिवारी केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, लोहखनिजावरचं ३० वरून ५० टक्के केलं. सोमवारी टाटा स्टील, जेएसडब्ल्यू, जिंदाल, सेल यांनी प्रत्येकी दहा टक्क्यांहून अधिक आपटी खाल्ली, निफ्टी मेटल आठ टक्क्यांहून अधिक पडला. ब्रेड्थवाले म्हणतात, एप्रिलच्या मध्यापासून धातू घसरतच होते, इशारा आधी मिळाला होता. बरोबर. पण त्याच गटांमध्ये ‘ब्रेड्थ तळाला गेली की घ्या’ असाही नियम असतो, आणि त्या नियमाने चालणारा त्याच आठवड्यात खरेदीला निघालेला असणार. एकाच आकड्यातून विका आणि घ्या हे दोन्ही निघत असेल, तर त्याला इशारा कसा म्हणायचा?

डिफेन्सचं प्रकरण आपल्याला आणखी जवळचं. जवाहरनगरला आयुध निर्माणी असल्यामुळे भंडाऱ्यात डिफेन्स फंड विकणं सोपं जातं. ‘आपल्याच घरचा धंदा’ अशी एक ऊब असते. ती निर्माणी ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे २०२१ पासून आहे ती शेअर बाजारात नोंदलेलीच नाही, तेव्हा कुठल्याच डिफेन्स फंडात ती नाही. ते जाऊ द्या. या सेक्टरचं मुख्य गिऱ्हाईक एकच, संरक्षण मंत्रालय. बजेट एकच, ऑर्डरींची बातमी एकच. २०२४ च्या उन्हाळ्यात या शेअरांची ब्रेड्थ छान दिसत होती, कारण ती दिसणारच होती. जुलै २०२४ च्या शिखरावरून फेब्रुवारी २०२५ पर्यंत डिफेन्स निर्देशांक एक तृतीयांशाहून अधिक उतरला, आणि त्यानंतर काही महिन्यांत पुन्हा वर गेला. उतरताना सगळे उतरले, चढताना सगळे चढले. मोजायला उरलं काय?

सेक्टरमध्ये पैसा घालायचाच असेल तर तलावाकडे बघा, असं मी सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरी बुजरूक आणि चिखला इथल्या खाणींतून मॉईल ही कंपनी मँगनीज काढते. मार्च २०२४ मध्ये ‘मेगन’ चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंडवरचा मँगनीज चढवायचा धक्का मोडला, जगात मँगनीज महागलं आणि मॉईलचा शेअर काही महिन्यांत जवळपास दुप्पट झाला. कुठल्याही ब्रेड्थमध्ये ते वादळ आधी दिसणं शक्य नव्हतं. धक्का मोडल्याची बातमी मात्र छापून आली होती, आणि तुमसरच्या फेरोमँगनीजच्या जुन्या कामगाराला तिचा अर्थ पाच मिनिटांत लागला असता.

यावर ब्रेड्थवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं की मागच्या दहा वर्षांवर तपासून पाहिलंय, चालतं. तपासलं कशावर? बहुतेकदा आजच्या पंधरा नावांवर. आजच्या यादीत भूषण स्टील नाही. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये टाटा स्टीलने घेतली. जे बुडाले ते यादीतून गळतात, मग उरलेल्यांचा इतिहास देखणा दिसतो. शिवाय फंड व्यवस्थापकाला ब्रेड्थ घसरलेली दिसली तरी तो हलू शकत नाही, कारण सेक्टर फंडाने किमान ८० टक्के पैसा त्या सेक्टरच्या शेअरांतच ठेवायचा, हा सेबीचा २०१७ चा नियम.

आणि फिडेलिटीचे फंड तासातासाला विकता येत, ही गोष्ट आपल्याकडच्या भाषांतरित पुस्तकांत हळूच गळून पडते. आपल्या म्युच्युअल फंडाला दिवसाची एकच एनएव्ही. ब्रेड्थ मोजायची बाजार बंद झाल्यावर, म्हणजे साडेतीननंतर. फंडाची वेळ संपते तीनला. ब्रेड्थची ५० ची रेषा आज तुटली तर पैसे निघणार उद्याच्या भावाने. वर्षाच्या आत काढले तर अनेक फंडांत एक्झिट लोड बसतो, आणि नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर. बारा महिने थांबलेल्याला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. ब्रेड्थच्या रेषेवर आत-बाहेर करणारा त्या साडेबाराच्या रकान्यात क्वचितच पोचतो.