शंभर धन्यांचे ऋण

आपल्या शास्त्रांनी माणसाच्या माथी तीन ऋणे मांडली : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ज्याच्या पाठीवरून आपल्या घरचे धान्य आले, त्या हमालाचे ऋण या यादीत नाही. पाठीवरचे पोते एकाचे असते. जन्मभर वाहिलेली पोती शंभरांची. प्रत्येक व्यापारी म्हणू शकतो, "त्या दिवसाची हमाली मी चुकती केली." प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. तरीही म्हातारपणी त्या हमालाची कंबर मोडते तेव्हा तिचा जाब कोणी देत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. पण शंभर खऱ्या विधानांची बेरीज एक अन्याय कशी होते, हे मला फळ्यावर मांडता येत नाही.

कायद्यापुढेही हेच कोडे होते. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर राबणाऱ्याचा धनी कोण? पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची; मंडळात सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी; तेथून हमालाला मजुरी, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी. शंभर धन्यांचा एक धनी झाला. ऋणाला पत्ता मिळाला.

मात्र सामायिक ऋणातून अंग काढून घेणे सोपे असते. 'आमचा माणूस या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही', असे म्हणत मालक उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांतले काही वाद प्रामाणिकही असतील. पण वाद चालतो तोवर हमालाचे वय थांबत नाही. अमेरिकेत एका धंद्यातले अनेक मालक मिळून एकच पेन्शन निधी चालवतात. एक निघून गेला, की त्याच्या म्हाताऱ्या कामगारांचा भार उरलेल्यांवर पडतो. म्हणून तेथील १९८० च्या कायद्याने बजावले : जायचे तर जा, पण निधीतल्या तुटीचा आपला वाटा भरून जा.

मला हा नियम नुसता कायद्याचा वाटत नाही. तो नीतीचा आहे. वाटून घेतल्याने ऋण हलके होते, नाहीसे होत नाही. व्यापारी लेव्ही भावात धरतो, अशी आपली कुरकुर असते. धरू दे. लाडवांच्या बेसनाचे पोतेही कोणीतरी वाहिलेच आहे. त्या शंभर धन्यांत आपणही एक आहोत. लक्ष्मीपूजनाला मार्केट यार्डात वह्यांची पूजा होते. लेव्हीचा रकाना कोरा असलेल्या वहीवर वाहिलेली फुले लक्ष्मीला पोचत असतील का?