पत्र्याच्या माणसाचे हृदय

माउली, कीर्तनात दृष्टांत कुठलाही चालतो, सिद्धांत तेवढा आपला असावा लागतो. आज दृष्टांत अमेरिकेतल्या एका बालकथेचा घेऊ. एल. फ्रँक बॉम या लेखकाचे 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' हे पुस्तक १९०० साली शिकागोत निघाले. त्यात एक पत्र्याचा माणूस आहे.

हा मुळात हाडामांसाचा लाकूडतोड्या. एका मुलीवर त्याचा जीव जडला होता. ते लग्न होऊ नये म्हणून एका चेटकिणीने त्याच्या कुऱ्हाडीवर करणी केली. कुऱ्हाड निसटली आणि पाय तुटला. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने त्याला पत्र्याचा पाय बसवून दिला. मग दुसरा पाय गेला, मग हात, मग डोके, शेवटी धडसुद्धा. प्रत्येक वेळी तुटलेल्या जागी पत्रा आला. होता होता जुने काहीच उरले नाही. पत्र्याच्या छातीत हृदय नव्हते, म्हणून त्या मुलीची ओढही राहिली नाही. तरी गड्याला आपल्या चकाकत्या अंगाचा अभिमान होता. आता कुऱ्हाड निसटली तरी भय कसले?

पण एक दिवस तेलाची कुपी घरी राहिली आणि पावसाने गाठले. सांधे गंजले. रानात तो जागच्या जागी उभा राहिला, वर्षभर. त्या सक्तीच्या एकांतात त्याला उमगले, की गेलेल्या सगळ्यांत मोठे गेले ते हृदय. पुढे डोरोथी नावाची मुलगी आणि तिच्यासोबतचे गवताचे बुजगावणे तिथे आले, त्यांनी त्याला तेल घातले, आणि हृदय मागण्यासाठी तो त्यांच्याबरोबर जादूगाराच्या नगरीची वाट चालू लागला.

आता पहिला विचार करा. पाय गेला, हात गेला, डोके गेले, तरी 'माझे हृदय गेले' असे म्हणणारा कोण होता? आपल्या दिंडीतही कितीजणांच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतरचे कृत्रिम भिंग असते, तोंडात कवळी असते, कुणाच्या गुडघ्याचा सांधा धातूचा असतो. म्हणून कुणी अर्धा वारकरी होत नाही. बॉमने १९१८ साली याच पत्र्याच्या माणसावर आणखी एक पुस्तक लिहिले. त्यात हा त्या कारागिराच्या घरी कपाट उघडतो, तो आत त्याचेच जुने डोके! दोघांचे बोलणे होते, पण त्या डोक्याला याच्याविषयी काडीची आस्था नाही. शिवाय याच्या आणि आणखी एका शिपायाच्या टाकून दिलेल्या अवयवांना जोडून त्या कारागिराने तिसराच माणूस उभा केलेला असतो. तुकड्यांत 'मी' शोधायला जावे, तर असा गोंधळ हाती लागतो. देह पंचमहाभूतांचा, उसना आणलेला. उसन्या भांड्यांवर आपले नाव कुठे शोधायचे?

मग शोधायचे कुठे? कथेतच पहा. वाटेने जाताना पत्र्याच्या माणसाचा पाय एका भुंगेऱ्यावर पडतो आणि तो जीव मरतो. याला रडू कोसळते. अश्रू जबड्याच्या बिजागरीत उतरतात, जबडा गंजून बंद पडतो. पुढे तो खाली पाहून, मुंगी दिसली तर ती ओलांडून चालतो. त्याचे म्हणणे असे, की ज्यांना हृदय आहे त्यांना ते वाट दाखवते; मला नाही, म्हणून मला जपूनच चालले पाहिजे.

माउली, इथे थांबा. 'मला हृदय नाही' असे म्हणणारा मुंगीला जपतो आहे. ज्यांना आपल्या हृदयाची खात्री आहे, ते किती जपतात? आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कपाळी गोपीचंदन आहे, एकादशी चुकत नाही. या खात्रीने पावले बेफिकीर होत नाहीत ना? दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो आणि लहानथोर सर्वांना 'माउली' म्हणतो. घरी परतल्यावर सुनेशी, शेतातल्या गड्याशी, भंगार गोळा करत दारात आलेल्या बाईशी बोलताना तोच शब्द ओठांवर राहतो का? आपण कोण, याचे उत्तर आरशात मिळत नाही. ते आपल्या पायाखाली कोण येते आणि तेव्हा आपण काय करतो, त्यात मिळते.

दुसरे असे, की जबडा गंजला तेव्हा त्याला 'तेल घाला' एवढेही म्हणता येईना. ते बुजगावण्याने ओळखले आणि कुपी हाती घेतली. स्वतःचा गंज स्वतःला काढता येत नाही, अशी वेळ प्रत्येकावर येते. दुःखाने वाचा बसलेल्या माणसाला नामही घेता येत नाही. तेव्हा शेजारी टाळ वाजवणारा हवा. संतांनी एकट्याने तप करण्यापेक्षा संगतीचा एवढा महिमा गायिला, त्यामागे हीच कळकळ असावी.

शेवटी जादूगार भेटला. तो निघाला ओमाहाचा, विमानातून नव्हे, फुग्यातून वाऱ्याबरोबर भरकटत आलेला साधा माणूस. त्याने रेशमी कापडाचे, आत भुसा भरलेले हृदय पत्र्याच्या छातीत बसवले. गडी आनंदला. मग हे ढोंग म्हणायचे का? माळही लाकडाचीच असते. खूण म्हणून तिचे मोल आहे, रोज हाताला लागून ती आठवण देते. खुणेला ऐवज समजलो, की मात्र घात होतो.

तसे घडलेही. हृदय मिळाले, पुढे राज्यही मिळाले, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता त्या मुलीला हा वर्षानुवर्षे विसरला. १९१८ च्या पुस्तकात वाटेने आलेल्या एका पोराने विचारले, तेव्हा त्याला तिची आठवण झाली. शोधत गेला, तर तिचा संसार त्या सांधलेल्या माणसाशी मांडून झाला होता. तिला आता याची गरज नव्हती.

हृदय नसताना जो मुंगीला जपत होता, तो हृदय मिळाल्यावर माणसाला विसरला. 'मला सापडले' म्हटले की तेलाची कुपी बाजूला राहते. वारी एकदा करून संपत नाही, ती दरवर्षी का करायची, हरिपाठ रोज का म्हणायचा, असे तरुण मुले विचारतात. त्यांना हे सांगावे: बाळांनो, पाऊस दरवर्षी येतो आणि पत्रा रोज गंजतो.

तेव्हा माउली, आज रात्री हरिपाठ झाला की क्षणभर आठवून पहा. ज्याच्यासाठी आपण कधी निघालो होतो आणि वाटेत ज्याला विसरलो, असे कोणी आहे का? आई असेल, भाऊ असेल, अबोला धरलेला शेजारी असेल. आठवले तर उद्याच त्याच्या दारी जावे. फार उशिरा गेलेल्याला दार उघडते, पण आत जागा उरलेली नसते.

रामकृष्ण हरी.