पावसाळ्यातली थापी

रोहिणी लागल्या की मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या बाजूला स्लॅबची घाई असते. मृगाआधी घर वरून झाकून घ्यायचं असतं. मिक्सर दिवस मावळला तरी फिरत राहतो. गवंड्याला जेवायला फुरसत नसते.

मग एक दिवस गोरखगड ढगात जातो आणि काम थांबतं. पाया खणावा तर त्यात पाणी. नदीतली रेती उपसायला पावसाळाभर बंदी. बाहेरचा गिलावा पहिल्याच सरीला धुऊन जायचा. कालपर्यंत ज्याच्या मागे लोक फिरत होते, तो गवंडी आज ओटीवर बसून आभाळ बघतो.

अर्थात तो नुसता बसत नाही. मुरबाड-शहापूरकडचा गवंडी बहुतेक वेळा शेतकरीही असतो. तो आवणीला लागतो. ओळंबा सोडणारा हात चिखलात रोपं लावतो. पण आवणी थोड्या दिवसांची. ती उरकली की कापणीपर्यंत हाताशी उरतो तो मोकळा वेळ. आणि मोकळा वेळ सगळ्यांना सारखा मोकळा नसतो. ज्याच्या घरात भात आहे, त्याला ती विश्रांती वाटते. ज्या कातकरी कुटुंबाला शेत नाही, ते याच दिवसांत चूल पेटती ठेवायला उचल घेतं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर ती अंगमेहनतीने फेडत बसतं.

महाराष्ट्राने या रिकाम्या दिवसांचा विचार पूर्वीच केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे शब्द आजही वाचताना मला भरून येतं. कितीतरी घरांतली चूल त्या कामांनी पेटती ठेवली.

पण ते काम मुख्यतः मातीचं. बांध, तळी, खडी, रस्ते. पोटासाठी काम आणि कसबासाठी काम, ही दोन वेगळी कामं आहेत. गवंड्याच्या हाती घमेलं दिलं तर त्याचा दिवस भरतो, थापी मात्र तशीच पडून राहते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकाम कामगार म्हणून नोंद व्हायची तर वर्षात ९० दिवस कामावर असल्याचा दाखला लागतो. त्या ९० दिवसांची मोजणी होते. उरलेल्या दिवसांत तो हात काय करतो, हे कुठे लिहिलं जात नाही.

ते जाणत्या मिस्त्रीला ठाऊक असतं. तो उन्हाळ्यातच पावसाळ्याची बेगमी करतो. स्लॅब पडला की त्याखालचं सगळं उरकून टाकत नाही. आतला गिलावा, लादी, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघराच्या फरशा मागे ठेवतो. छपराखाली बसून होणारी कामं पावसाला घाबरत नाहीत. तेही नसेल त्या दिवशी सेंट्रिंगच्या प्लेटा खरवडून त्यांना तेल लावायचं, पुढच्या कॉलमच्या रिंगा वळून ठेवायच्या. आणि पोरांना शिकवायचं. हंगामात बिगाऱ्याच्या हाती थापी द्यायला कोणाला सवड असते? श्रावणात असते. एखादी कोपऱ्यातली भिंत त्याच्याकडून लिंपून घ्यायची, वाकडी झाली तर खरवडायची, परत लिंपायला लावायची. धावपळीत हात चालतो, सवडीत हात घडतो.

मिस्त्रीची टोळी म्हणजे नुसती माणसं नसतात. वरच्याने हात पुढे करायच्या आत खालच्याने वीट दिलेली असते, बोलावं लागत नाही. ही समज जमायला वर्षं लागतात, मोडायला एक पावसाळा पुरतो. एकजण कल्याणच्या नाक्यावर उभा राहतो, दुसरा भिवंडीच्या गोदामात लागतो. गोदामात महिन्याच्या महिन्याला पगार आहे, डोक्यावर पत्रा आहे. तो परत आला नाही, तर त्याला दोष देता येत नाही. दिवाळीनंतर मिस्त्री नवी माणसं आणतो. ती वाईट नसतात. पण कोपरा काटकोनात यायला पुन्हा वेळ लागतो.

घर बांधणारे आपणही यात असतो. पावसाळ्यात गवंडी दारात आला की आपला आवाज जरा बदलतो. तसंही काम नाही ना सध्या, मग दोनशे कमी घे. हे मला बोचतं. ओटा चैत्रात बांधला काय आणि श्रावणात बांधला काय, त्याला कष्ट तेवढेच लागतात. मजुरी कामाकडे बघून ठरवावी, समोरच्याच्या अडचणीकडे बघून नाही.

आणि घरात थांबू शकणारं काम असतंच. माळ्याची पायरी, देवघराचा कट्टा, भिंतीतलं कपाट. आपणच ती मे महिन्याच्या गर्दीत कोंबतो. वैशाखात मिस्त्रीशी बोलताना, आतली कामं आवणीनंतर करू, असं सांगून बघावं. तो हिशेब मांडील, बहुधा हसेल. रेती मात्र आधीच आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवावी लागेल. नाहीतर माणसं आहेत, काम आहे, आणि रेतीपायी सगळं अडलेलं, असं व्हायचं.