व्हेनिसला जाताना काटकसर कशात करावी

जुलै 2019 मध्ये बर्लिनहून आलेले एक जोडपे व्हेनिसच्या रिआल्तो पुलाच्या पायथ्याशी पायऱ्यांवर बसले आणि सोबत आणलेल्या छोट्या स्टोव्हवर कॉफी करू लागले. कुणीतरी तक्रार केली, पोलीस आले, 950 युरोचा दंड झाला आणि दोघांना शहर सोडून जायला सांगण्यात आले. बातमी जगभर छापून आली. नियम योग्यच होता. 1591 मध्ये बांधून पुरा झालेल्या दगडी पुलावर, अरुंद रहदारीच्या वाटेत, कुणी स्टोव्ह पेटवू नये. पण या बातमीतून जो निष्कर्ष काढला गेला तो मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. बाहेरची कॉफी विकत न घेता स्वतःची करून पिणारा, चार पैसे वाचवत फिरणारा प्रवासीच या शहराची दुर्दशा करतो आहे, असा तो निष्कर्ष. युरोपातल्या अनेक शहरांचे कारभारी आता ‘दर्जेदार पर्यटक’ हवेत असे म्हणतात आणि त्यांच्या बोलण्यात दर्जा म्हणजे खर्च करण्याची ऐपत असते.

व्हेनिसने तर हा विचार तिकिटावर छापला. 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात शहरात येणाऱ्याकडून 5 युरो घेतले जाऊ लागले. असे करणारे हे जगातले पहिले शहर. पहिल्या वर्षी असे 29 दिवस होते. 2025 मध्ये ते 54 झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला 10 युरो पडू लागले. शहरात मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क माफ आहे, कारण तो हॉटेलातून मुक्कामाचा कर भरतोच. यामागचा हिशेब अप्रामाणिक नाही. व्हेनिसमध्ये कचरा हातगाडीवरून आणि होडीतून उचलावा लागतो, प्रत्येक वस्तू पाण्यावरून आणावी लागते. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा माणूस या सगळ्याचा भार वाढवतो आणि शहराच्या पदरात फारसे काही टाकत नाही. पण पहिल्या वर्षी सुमारे 24 लाख युरो जमा झाले, तरी गर्दी घटल्याचे काही दिसले नाही. इतक्या दूरवर आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरत नाही.

याच शहरात जून 2025 मध्ये अब्जाधीश उद्योगपती जेफ बेझोस यांचे लग्न झाले. काही व्हेनिसकर रस्त्यावर उतरले, फलक लागले, एका मेजवानीची जागा बदलावी लागली. पालिकेने मात्र या सोहळ्याचे स्वागतच केले. त्या जोडप्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मला विचारायचे आहे ते शहराला. शहराला ओझे कशाचे होते, माणसाच्या रिकाम्या खिशाचे की त्याच्या घाईचे?

रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून एक आकडा झळकतो आहे. तो आहे व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर आज राहणाऱ्या माणसांचा. 1951 मध्ये ती सुमारे पावणेदोन लाख होती. 2022 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी नागरिकांच्या गटांनी मोजून दाखवले की शहरातल्या पर्यटकांच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत. त्या दुकानासमोर उभे राहिले की बाजूने लोंढा वाहत असतो आणि फार थोड्यांची नजर त्या काचेकडे जाते. मी तिथे बराच वेळ थांबले होते. एखाद्या शहराची माणसे संपत चालल्याची नोंद औषधवाल्याने ठेवावी, हे मला अजून अस्वस्थ करते.

माणसे गेली ती मुख्यतः घरांपायी. तळमजल्यात पाणी शिरणारे, दुरुस्तीला महाग असे जुने घर सांभाळण्यापेक्षा ते आठवड्याच्या हिशेबाने पाहुण्यांना देणे परवडू लागले. घरे गेली तशी किराण्याची दुकाने गेली, शाळेतली मुले कमी झाली, रिआल्तोच्या मासळीबाजारातले गाळे रिकामे होत गेले आणि दुकानांच्या जागी काचेचे मणी व मुखवटे आले. 2022 मध्ये इटलीच्या संसदेने व्हेनिसला अल्पमुदतीच्या भाड्यावर मर्यादा घालण्याचा खास अधिकार दिला. त्यानंतर दोन वर्षांनी अमलात आले ते मात्र प्रवेशशुल्क. घरमालकाला हात लावण्यापेक्षा पाहुण्याकडून पाच युरो घेणे राजकारणात सोपे असते. ते शहराचे रहिवासी परत आणणार नाही, हे तिथल्या कारभाऱ्यांनाही कळत असणार.

आता आपल्याकडे येते. महाराष्ट्रातले मध्यमवर्गीय जोडपे युरोपला निघते तेव्हा पहिला खर्च तिथे पाऊल ठेवण्याआधीच झालेला असतो. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून माणशी 90 युरो आहे. वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचे शुल्क, तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा विमा, विमानाचे तिकीट. युरोला शंभर रुपये धरून हिशेब मांडला की छातीत धस्स होते. मग घरात एकच वाक्य निघते: ‘एवढे पैसे घालून चाललोच आहोत, तर सगळे बघून घेऊ. पुन्हा कधी येणार?’ या वाक्यात हाव नाही. आयुष्यभर मन मारून साठवलेल्या पैशांची काळजी आहे, आणि तिचा मला आदर वाटतो. पण त्याच वाक्यावर दहा-बारा दिवसांत सात-आठ देशांच्या सहली चालतात आणि त्यांत व्हेनिसच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. त्रोन्केत्तोच्या वाहनतळावर बस थांबते, होडीने सान मार्को चौकाशी उतरवतात, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक होते, कुणी गोंडोलात बसते, सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो आणि पुन्हा बस. व्हेनिसने 2024 मध्ये पंचवीसहून मोठ्या गटांना आणि वाटाड्यांच्या ध्वनिक्षेपकांना बंदी केली, ती अशाच फेऱ्यांमुळे. या फेरीला स्वस्त म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात माणूस लाखो रुपये मोजून एका शहराचे चार तास विकत घेतो, तेही सर्वांत जास्त गर्दीचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की काटकसर करायची ती शहरांच्या संख्येत करावी, रात्रींच्या संख्येत करू नये. मी आणि माझा नवरा हिवाळ्यात व्हेनिसला गेलो. फ्लॉरेन्स सोडले, रोम सोडले. परतल्यावर ‘रोमला गेला नाहीत?’ असे विचारणारे भेटतात, त्यांना उत्तर देताना मला अजिबात संकोच वाटत नाही. मठातल्या जोगिणी चालवतात त्या पाहुणेघरात साधी खोली मिळाली. फिरलो ते पायी. वापोरेत्तोचे, म्हणजे शहरातल्या प्रवासी होडीचे, 75 मिनिटांचे तिकीट परक्या माणसाला साडेनऊ युरोंना पडते, त्यामुळे भव्य कालव्यावरून एकदाच, शेवटपर्यंत जाणाऱ्या होडीतून गेलो. गोंडोलाची अर्ध्या तासाची सरकारी दराची फेरी 90 युरोंची. तिच्याऐवजी सान्ता सोफियाहून मासळीबाजाराकडे कालवा ओलांडून देणारा त्रागेत्तो घेतला, दोन युरोंत. होडी तशीच, दोन वल्हेकरी, आणि शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक आजी. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, तिथे बाटली भरायची. दुपारी एखाद्या लहान बारच्या फळीशी उभे राहून पावाच्या तुकड्यावर घोटलेला सुका कॉड मासा खायचा. बसून तेच दुप्पट किमतीला मिळते.

एक गोष्ट जवळून सांगते. सान मार्कोपासून पाच मिनिटांवर सान झाक्कारियाचे चर्च आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. डाव्या भिंतीवर जोव्हान्नी बेल्लिनीने 1505 मध्ये रंगवलेले मोठे वेदीचित्र आहे. मधोमध सिंहासनावर मेरी आणि बाळ, दोन्ही बाजूंना चार संत, पायाशी वाद्य वाजवणारा देवदूत. चर्चमध्ये अंधार असतो. खांबाशी एक पेटी आहे, तिच्यात नाणे टाकले की चित्रावर दिवे लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप विझतात. आम्ही आत गेलो तेव्हा एक गट बाहेर पडत होता. त्यांच्यातल्या कुणीतरी टाकलेल्या नाण्याचा उजेड अजून शिल्लक होता. तो विझल्यावर नवरा खिसे चाचपू लागला, तेव्हा मी म्हटले, ‘थांब, असेच राहू दे थोडा वेळ.’ डोळे सरावले तसे दिसू लागले की चित्रातल्या खांबांची नक्षी चर्चच्या खऱ्या दगडी महिरपीला जुळवून काढली आहे, आणि चित्राच्या दोन्ही कडांना बाहेरचे आकाश दाखवून उजेड बाजूने आत घेतला आहे. दिव्याच्या झगझगाटात हे आमच्या लक्षात आले नव्हते. मग नाणे टाकले, पुन्हा पाहिले. दुसऱ्या दिवशी परत गेलो. हे बघायला पैसे लागत नाहीत, दुसरा दिवस लागतो, आणि तो आम्ही रोमच्या तिकिटातून वाचवला होता.

व्हेनिस परक्यांना कधी दचकणारे शहर नव्हते. 1284 पासून इथे पाडली जाणारी दुकाट ही सोन्याची नाणी मिरीच्या बदल्यात पश्चिम आशियातून हिंदुस्थानात आली, आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, आणि पुतळ्यांची माळ म्हणून त्या आपल्या घरांत राहिल्या. माझ्या सासूबाईंच्या माळेतल्या पुतळ्या अशाच नकला आहेत. झिजलेल्या असल्या तरी संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख त्यांच्यावर ओळखू येतो. रिआल्तो पुलाला लागूनच ‘फोन्दाको देई तेदेस्की’ ही प्रचंड इमारत आहे. 1505 मध्ये आगीत गेल्यावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने ती पुन्हा बांधून काढली, ती जर्मन व्यापाऱ्यांना राहायला, माल ठेवायला, हिशेब करायला. त्यांच्यावर कर होते, कडक देखरेख होती. पण परक्याने यावे, मुक्कामाला राहावे, शहराशी व्यवहार करावा, ही अपेक्षा होती. पुढे ती इमारत टपाल कचेरी झाली, 2016 मध्ये चैनीच्या वस्तूंचे दुकान झाली आणि 2025 मध्ये तेही बंद पडले. बर्लिनच्या त्या जोडप्याला दंड झाला तो तिच्या सावलीतच. एकेकाळी शहर परक्यासाठी छप्पर बांधत होते. आता ते दारावर पावती फाडते, आणि तरीही परका तासाभरात निघून जातो. दोन्ही बाजूंनी मुक्कामाची सवय सुटली आहे, असे मला वाटते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. बेटावरच्या खोलीचे भाडे सगळ्यांना झेपत नाही. खाडीपलीकडच्या मेस्त्रेत निम्म्या पैशांत खोली मिळते, रेल्वेगाडीने दहा-बारा मिनिटांत शहरात येता येते. मग गरिबाने मेस्त्रेत राहणे हा अपराध का मानायचा? मानू नये. मेस्त्रे 1926 पासून व्हेनिस पालिकेचाच भाग आहे आणि बेट सोडून गेलेले कितीतरी व्हेनिसकर तिथेच राहतात. सकाळच्या गाडीत हॉटेलात खोल्या झाडायला, स्वयंपाक करायला निघालेली माणसे असतात. शहर त्यांच्या कष्टावर उभे राहते आणि त्यांनाही तिथे रात्र काढणे परवडत नाही. मेस्त्रेत राहणाऱ्या प्रवाशाने एवढे करावे की दहाच्या गर्दीत येऊन चारला पळू नये. भल्या सकाळी यावे, अंधार पडल्यावर चालावे, शेवटच्या गाडीने परतावे. शुल्काची वेळ चारला संपते ती उगाच नाही. शहराला जाचते ती मधल्या पाच-सहा तासांची झुंबड.

काटकसरीने खरे नुकसान होते ते वेगळ्या ठिकाणी, आणि तिथे मी आपल्यासारख्यांना सूट द्यायला तयार नाही. स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर जोडप्याला हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. आमच्याही घरात यावर वाद झाला. नवऱ्याचे म्हणणे होते की चूल असली की सकाळी पोहे, रात्री खिचडी, रोजचे निदान तीस-चाळीस युरो वाचतील, आणि त्याचा हिशेब बरोबर होता. माझे म्हणणे असे की औषधवाल्याच्या काचेतला आकडा ज्या घरांमुळे उतरतो, त्यांतलेच ते एक घर असणार. कान्नारेज्जो या वस्तीतली दोन खोल्यांची जागा, जिथे एखादे तरुण कुटुंब राहू शकले असते, ती आपण आपल्या खिचडीसाठी अडवतो. इटलीत 2025 पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि तो जाहिरातीत व दारावर लावावा लागतो. त्यावरून घर नोंदणीकृत आहे की नाही ते कळते. आधी तिथे कोण राहत होते आणि ते कुठे गेले, हे कळायला काही साधन नाही. जिथे घरमालक स्वतः राहतो आणि एक खोली पाहुण्याला देतो, तिथे माझी हरकत नाही. पूर्ण घर मात्र आम्ही घेतले नाही, आणि जे जोडपे मला सल्ला विचारते त्यालाही घेऊ नका असेच सांगते. हॉटेल घ्या, मठाचे पाहुणेघर घ्या, मेस्त्रेत राहा. पैसे कमी पडत असतील तर हिवाळ्यात जा.